बोकडाचे पैसे

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला अजून जमत नाही, तेवढं सांभाळून घ्यावं. शाळा चौथीतच सुटली. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागून ठेवते. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर माझ्या मुलीला ताप भरला. पुसदच्या दवाखान्यात डेंग्यू सांगितला. भरती करतानाच आगाऊ पैसे भरावे लागले, आणि घरात होतं नव्हतं ते तिथेच संपलं. मग डॉक्टर म्हणाले, पेशी कमी होत आहेत, यवतमाळला मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. तिथे खाटेला, सलाईनला पैसे नव्हते. पण एखादी तपासणी बाहेरून, एखादं औषध बाहेरून, पोरीला नारळपाणी, आमचं दोघांचं खाणं, एसटीचं भाडं. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली कामाला जातो. तो दवाखान्यात बसला की मजुरी बंद. कापसाची वेचणी नुकतीच लागली होती, तीही माझी बुडाली. फुकटचा दवाखानासुद्धा केवढा महाग असतो, ते मला तेव्हा कळलं.

"तू गावाकडं जाय," नवरा म्हणाला. "मिस्त्रीनं देल्ली तेवढी उचल संपली. आता वेचणीच्या बायाच देतीन. मी पोरीजवळ थांबतो."

आमच्या गल्लीत एक काकी आहे. वेचणीला बायांना तीच घेऊन जाते. तिच्या तोंडाला सगळे भितात, मी तर जास्तच. तिच्या दारात जाऊन मी नुसती उभी राहिले.

"काहून उभी राह्यली वं खांबावानी?"

"काही नाही, काकी."

"काहीच नाही त मंग यवतमाळहून आली कायले? पोट्टी कशी हाय?"

मला रडूच आलं.

"रडून नको राहू. पैसे पाह्यजे ना? मंग बोल ना वं. मुक्या माणसाले त दुकानात मीठबी भेटत नाही."

"पाह्यजे," मी म्हणाले. माझं मागणं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. काकीने आपला बोकड विकला. घरावर टिना, म्हणजे पत्रे, टाकायच्या म्हणून तिने तो पोसला होता, हे मला माहीत होतं. ते सगळे पैसे तिने माझ्या हातात दिले. वेचणीच्या बायांनीही आपापल्या मजुरीतून थोडे थोडे दिले. त्या पैशांवर मुलगी बरी होऊन घरी आली. उभी राहिली की तिचे पाय थरथरायचे, पण घरी आली.

पुढे मी परत द्यायला निघाले तर बाया म्हणायच्या, "राहू दे वं, पोट्टीले काही खाऊ घाल." मायेनेच म्हणायच्या. मी पैसे ठेवून यायचे, पण परतताना मान खालीच असायची. सगळ्यात जास्त काकीचे राहिले. हाताला काम लागलं की थोडे नेऊन द्यायचे, पण पावसाळ्याआधी काही फिटले नाहीत. तिने घरावर प्लास्टिकची पन्नी टाकून दिवस काढले. एकदा मी गळणाऱ्या पाण्याकडे बघत होते, तर म्हणाली, "काय पाह्यतं वं? माह्या घरात फुकटचा नळ आला." सगळ्या हसल्या. मला हसता आलं नाही.

यंदा दिवाळीनंतर शेवटचे पैसे घेऊन गेले. हीसुद्धा राहू दे म्हणते की काय, याची मनात धास्ती होती. काकीने हात पुसले, खाली बसली, थुंकी लावून एकेक नोट मोजली. मग पुन्हा मोजली.

"बरोबर हाय," म्हणाली. "टिना आणाले माह्यासंगं येजो. दुकानदारासंगं भांडाले कोनी पाह्यजे."

"मी काय भांडन, काकी?"

"मी भांडतो. तू टिना पाह्य."

तिने नोटा कमरेच्या पिशवीत खोचल्या. तिचे सगळे पैसे फिटले.