पाहुण्यांसमोरचं उत्तर

माझी आत्या शेळ्यांना लस टोचायची, म्हणून सगळी वाडी तिला डॉक्टरीण म्हणायची. आधी चिडवायला, नंतर गरजेपोटी. एक परदेशी बँक आमच्या सरकारला गरिबी कमी करण्यासाठी कर्ज देत होती. त्यातून आमच्या खोऱ्यात प्रकल्प आला, बायकांना शेळ्या मिळाल्या आणि आत्याला प्रशिक्षण. बर्फाच्या पेटीतून लस आली की ती पेटी खांद्याला अडकवून घरोघर फिरायची. शेळीला पायांत धरून म्हणायची, "गप गं बये, तुझ्या नवऱ्याला सांगणार नाही."

कर्जाचा पहिला टप्पा संपत आला, तेव्हा बँकेची माणसं पाहणीला येणार असं कळलं. दुसऱ्या टप्प्यात आमचं खोरं ठेवायचं की नाही, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. प्रकल्पाचे साहेब आदल्या दिवशी येऊन बजावून गेले, "अडचणी मोकळेपणाने सांगा. लस बंद झाली तर काय होईल, तेही सांगा."

शेजारच्या काकूंना सगळे तोफ म्हणत. त्या म्हणाल्या, "मी तर तोंडावर सांगणार. मला कुणाची भीती?"

पाहुणे आले. आत्याने सतरंजी झटकून अंथरली, पाणी दिलं. बँकेच्या बाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, "आता तुमचं कसं चाललंय?"

"बरं चाललंय की," आत्या हसून म्हणाली. "काही कमी नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात, यातच सगळं आलं."

दुभाष्याने ते शब्दशः सांगितलं. बाई मनापासून खूश झाल्या. तोफेच्या दारातही तेच झालं. "छान चाललंय, बाई," म्हणत काकूंनी उलट त्यांच्याच मुलाबाळांची चौकशी केली.

गाडी वळणाआड गेल्यावर साहेबांनी कपाळाला हात लावला. "ताई, अहो, लसीचं का नाही बोललात?"

"घरात आलेल्या माणसाला टेकायच्या आत रडगाणं ऐकवायचं? शोभतं का ते? पुढच्या खेपेला निवांत सांगू."

"आणि तुमची तोफ?"

"ओली झाली," आत्या म्हणाली. काकूंसकट सगळे हसले.

पुढची खेप झालीच नाही. काही महिन्यांनी साहेब निरोप घ्यायला आले. देशाचं उत्पन्न वाढलं होतं, देश आता मध्यम गटात गेला होता, बँक हात आखडता घेत होती. उरलेला पैसा अधिक गरीब भागाला द्यायचा होता. आमचं खोरं सावरलंय, असं अहवालात आलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. आमच्याच तोंडचं होतं.

"देश मध्यम झाला," आत्या म्हणाली, "मग आम्हाला कुणी का नाही कळवलं?"

साहेब हसले नाहीत. जाताना "पेटी तुमच्याकडेच राहू द्या" म्हणाले.

तालुक्याच्या दुकानात लस होती, पण एक बाटली म्हणजे मोठ्या कळपापुरती, आणि उघडली की लगेच संपवावी लागणारी. आत्याने वाडीतल्या बायकांना पैसे काढून एकत्र यायला सांगितलं. ज्यांच्या शेळ्यांना आधीची लस होती त्या म्हणाल्या, आमचं काय अडलंय? ज्यांच्याकडे लस न टोचलेली नवी पिल्लं होती त्यांना एकट्यांना बाटली परवडेना. बाटली आलीच नाही.

उन्हाळ्यात खालच्या बाजारातून आजार आला. पिल्लांची नाकं वाहू लागली, तोंडं आतून सोलवटली, जुलाब लागले. पहिली हाक तोफेच्या गोठ्यातून आली.

"डॉक्टरीणबाई, टोच ना एक सुई."

"काकू, आजार आत शिरल्यावर लस काय करणार? आणि माझ्याकडे आहे कुठे?"

"असेल काहीतरी तळाशी. बघ तरी."

आत्याने बघितलं नाही. त्यातल्या त्यात धड दिसणारी दोन पिल्लं तिने उचलली, आमच्या घरी आणून वेगळ्या खोलीत बांधली, वाटीने पाणी पाजलं. काकू उंबऱ्याबाहेर बसून राहिल्या. आत येऊ का, असं त्यांनी विचारलं नाही, आणि आत्यानेही बोलावलं नाही. त्यांच्या लुगड्याला आजारी पिल्लांची घाण लागली होती.

"खातायत का गं?" त्यांनी बाहेरूनच विचारलं.

एक पिल्लू आत्याच्या मांडीवर होतं. तिने त्याचं नाक पदराने पुसलं. ते पुन्हा ओलं झालं.