टाकीच्या व्हॉल्वचं चाक

खंडेराव मूळचे संगमनेरकडचे. बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि पाम गावाच्या वाटेवर चार खोल्यांच्या ओळीत भाड्यानं राहत. चारी घरांना मिळून एकच टाकी. तिच्या नळाला तोटी नव्हती, जुन्या व्हॉल्वचं बिडाचं चाक फिरवूनच पाणी सोडायचं आणि बंद करायचं. काही बिघडलं की शेजारी म्हणत, "खंडेराव बघतील." त्यांनाही ते आवडायचं.

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी ते चाक तानीच्या हातात तुटून आलं. तानी जवळच्या आदिवासी पाड्यावरची, खंडेरावांकडे धुणीभांडी करायची. व्हॉल्व उघडाच राहिला. खंडेराव पान्हा घेऊन धावत येईपर्यंत निम्मी टाकी वाहून गेली होती. पाणी दिवसाआड यायचं. बायका हंडे घेऊन उभ्या होत्या.

"दादा, मी नाय तोडला. हातातच आला," तानी म्हणाली.

"आपोआप तुटतं होय? तुम्हा लोकांना वस्तू वापरायची अक्कलच नाही!"

सगळे ऐकत होते. तानीनं घासायची राहिलेली भांडी तशीच ठेवली आणि ती निघून गेली.

दुपारी खंडेराव नवं चाक घेऊन आले. वरचा नट सोडवून त्यांनी जुन्या चाकाचा मधला तुकडा काढला आणि सवयीनं मोड, म्हणजे तुटलेली बाजू, पाहिली. तिचा पाऊण भाग गंजून काळा पडला होता, फक्त एक कड ताजी, चकचकीत. म्हणजे चाकाला केव्हाचाच तडा होता. तो कशानं गेला हेही त्यांना कळलं. व्हॉल्व गळतो म्हणून गेल्या वर्षी त्यांनीच चाकात पहार घालून तो आवळला होता.

"पंधरा दिवसांपूर्वी तानीनं सांगितलं होतं तुम्हाला, चाक हलतंय म्हणून," त्यांची बायको इंदुबाई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, मला शिकवू नकोस."

खंडेरावांनी नवं चाक बसवलं. शेजारचे चंद्रभान म्हणाले, "वा, लोण्यासारखं फिरतंय!" खंडेरावांना मान वर करवेना.

चार दिवस त्यांनी तानीकडे जायचं उद्यावर ढकललं. पाचव्या दिवशी पाड्यावर गेले. तानी अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती.

"तानी, चूक माझी होती. चाक माझ्यामुळंच तुटलं."

तिचा हात थांबला नाही. "बोललास तवा समदी होती. आता कोन हाय?"

दादा नाही, तुम्ही नाही. खंडेराव तसेच परतले.

पुढच्या पाण्याच्या दिवशी टाकीपाशी सगळे जमले. तानीही इंदुबाईच्या निरोपावरून येऊन एका कडेला उभी होती. "ते चाक तानीनं मोडलं नाही," खंडेराव म्हणाले. "मी पहार घातली होती. तिनं आधी सांगितलंही होतं. मी तिला नको ते बोललो. तिच्या लोकांनाही."

चंद्रभान खाली बघू लागले. एका बाईनं हंडा पुढं सरकवला.

तानी इंदुबाईला म्हणाली, "उद्या येते," आणि पाड्याकडे निघाली.

ती दुसऱ्या दिवशी आली. खंडेरावांनी मात्र दोन महिने दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे उशिरापर्यंत झोपायला निमित्त मिळे, आणि सकाळी तिची चाहूल लागली की ते तोंडावरून चादर ओढून झोपेचं सोंग घेत.