मुळावरच्या सुनेचा सासरा

सकाळचा चहा झाला की आबा हातात लोखंडी पाना घेऊन गॅलरीत यायचे, लाकडी कठड्यावर ठकाठका टोले हाणायचे आणि समोरच्या चाळीकडे तोंड करून ओरडायचे, "आसंय मी. अजून आसंय." मालवणीत, म्हणजे आहे मी, अजून आहे.

समोरच्या दुसऱ्या मजल्यावरची एक खिडकी धाडकन बंद व्हायची. त्याशिवाय आबा गॅलरीतून हलायचे नाहीत. खिडकी बंद झाली की पाना दाराआडच्या खिळ्याला अडकवून ते चालायला निघायचे. काळाचौकीच्या आमच्या चाळीत नवा भाडेकरू आला की त्याला वाटायचं, म्हातारा जरा सरकलेला आहे. म्हातारा ठणठणीत होता, फक्त चिडलेला होता. तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांचा राग वयाबरोबर उतरत नाही. आबांचा राग पंचवीसेक वर्षं तसाच गरम राहिला आणि ते गेल्यावर त्यातला बराचसा माझ्याकडे आला. तेव्हा हे सगळं शांतपणे सांगणं मला जमेलच असं नाही.

ती खिडकी त्यांच्या धाकट्या बहिणीची. सगळी चाळ तिला आत्या म्हणते. आबांच्या मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीची पत्रिका आत्यानेच दादरच्या ज्योतिषाकडे नेली आणि येताना जिन्यातूनच रडत आली. मुलगी मूळ नक्षत्रावरची निघाली होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगी मुळावर जन्मली तर सासऱ्याच्या जिवावर, आश्लेषावर जन्मली तर सासूच्या, ज्येष्ठावर मोठ्या दिराच्या आणि विशाखावर धाकट्या दिराच्या. आकाशातली चार नक्षत्रं अशी सासरच्या माणसांना वाटून दिलेली आहेत. ही वाटणी कोणी केली ते मला माहीत नाही, भेटला तर मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

आबा दुसऱ्याच दिवशी त्या ज्योतिषाकडे गेले. शेजारी म्हणून माझे वडील बरोबर होते आणि पुढे कित्येक वर्षं ते हा प्रसंग आम्हाला हातवारे करून सांगायचे. ज्योतिषी सभ्य गृहस्थ होता. त्याने समजावून सांगितलं की मुळाचं चिन्ह म्हणजे मुळांची बांधलेली जुडी, देवता निर्ऋती, नाश करणारी, म्हणून हे उपटून काढणारं नक्षत्र.

"बांधलेली जुडी ना?" आबा म्हणाले. "मग उपटणारं कसं? ते तर धरून ठेवणारं झालं."

"शास्त्र तसं सांगत नाही."

"पोरग्याचं नक्षत्र मूळ असेल तर शास्त्र काय सांगतं?"

ज्योतिषी थोडा घुटमळला. म्हणाला, ग्रंथात मुलालाही तोच दोष सांगितला आहे, पण व्यवहारात कोणी बघत नाही.

इथे आबांचा आवाज चढला. बाहेरच्यांशी ते मुंबईचं मराठी बोलायचे, पण राग आला की थेट मालवणात जायचे. "माझा नक्षत्र मूळ," ते म्हणाले. "माझा लगीन झाला त्याच वर्सा माझो सासरो विहिरीवर पाय घसरान गेलो. माका कोणी इचारल्यान? तेराव्याक जावई म्हणान पयल्या पंगतीक बसवल्यानी माका."

ज्योतिषी म्हणाला, "तो योगायोग."

"मग ह्यो पण योगायोगच धरा."

शेवटी त्या सभ्य गृहस्थाने शांतीचा उपाय काढला. त्यात सत्तावीस विहिरींचं पाणी लागतं म्हणाला. आबा उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "आधी मुंबईत सत्तावीस विहिरी दाखवा, मग येतो."

लग्न झालं. आत्या मांडवात आली, पण तोंड फिरवून बसली आणि जेवताना बायकांना सांगत राहिली की आबांनी वर्ष काढलं तरी खूप. हे आबांच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मिलमधून घरी आणलेला तो पाना पहिल्यांदा कठड्यावर हाणला.

त्या दिवसापासून जिवंत राहणं हा आबांचा उद्योग झाला. मिल बंद पडल्यापासून ते तसे रिकामेच होते. आता त्यांना घटकेची फुरसत मिळेना. विडी सुटली. तळलेली सुरमई सुटली, त्याचा त्यांना फार राग होता आणि तोही ते आत्याच्या खात्यावर जमा करायचे. चाळीच्या जिन्यावरून उतरताना कोणी बाजूला सरकून "सावकाश आबा" म्हटलं की ते म्हणायचे, "माका मराक येळ नाय."

मी परळला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. आबा माझं सर्वांत नेमाने येणारं गिऱ्हाईक. बाही वर करून बसायचे आणि सुईकडे न बघता माझ्याकडे बघायचे.

"सगळं तपास गो. काय सोडू नको."

"सगळं म्हणजे काय काय, आबा?"

"आत्याला दाखवता येईल असं सगळं."

रिपोर्ट मिळाला की तो घडी करून खिशात. भावकीत कुठे साखरपुडा, बारसं असलं की आबा तो काढून जेवणाच्या पंगतीत वाचायचे. "साखर नॉर्मल. किडनी नॉर्मल. मूळ कुठे दिसत नाही." लोक हसायचे. वहिनी, म्हणजे त्यांची सून, वाढता वाढता आत निघून जायची.

कारण वहिनीला त्यात हसू येत नव्हतं. हे मला उशिरा कळलं. आबा खोकले की गॅलरीतल्या चार बायका आधी वहिनीकडे बघत. तिने सणाला नवी साडी नेसली तरी बघत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आबांना कावीळ झाली तेव्हा ती हॉस्पिटलात त्यांच्या खाटेपाशी भिंतीला टेकून उभी राहायची, स्टुलावर बसायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मी जवळ बसले आणि काही झालं तर?" तिलाही ते पटलेलं होतं. वीस-बावीस वर्षांची मुलगी, लहानपणापासून ऐकत आलेली की तिच्या जन्माच्या वेळेत विष आहे. वडिलांनी म्हणे तिचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते शांती झाल्यावर, तुपाच्या वाटीतल्या सावलीत. बापाने लेकीकडे सरळ बघायचं नाही, तुपात बघायचं. हे लिहिताना अजून माझं डोकं तापतं.

आबांनी तिला खाटेजवळ बोलावलं आणि झापलं. "माझं पथ्याचं पाणी तू द्यायचं. नर्सने दिलं तर मी पिणार नाही." बिचारी पाणी पाजायची आणि ते पिऊन हा माणूस वॉर्डभर सांगायचा, "सुनेनं पाजलं. मुळावरची आहे." लोकांना वाटायचं कावीळ डोक्यात गेली.

घरी आल्यावर बोटात ताकद नव्हती, तरी त्यांनी पाना मागितला. वहिनीनेच तो खिळ्यावरून काढून दिला.

गावाकडच्या गोष्टी निघाल्या की आबांचा आवाज जरा खाली यायचा. "आमच्याकडे नक्षत्रं होती ती पावसाची," ते मला सांगायचे. "मृग आला की पेरायचं. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस. मग आश्लेषाचा, आमी आसळका म्हणतो. तो भाताला लागतोच. तिकडे कोणी म्हणायचा नाही की आसळका सासूला खातो." मग परत भडकायचे. "मुंबईत येऊन ह्यांना नक्षत्रं कळायला लागली."

तरी त्यांचा राग आंधळा नव्हता, याचा एक पुरावा माझ्याकडे आहे. आत्याने स्वतःच्या मुलाला मुलगी केली ती अगदी पारखून. रोहिणी नक्षत्र, चंद्राचं लाडकं, लक्ष्मी घरात येते म्हणतात. गुण भरपूर जुळलेले. आणि त्याच वर्षी आत्याचे यजमान, म्हणजे त्या मुलीचे सासरे, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

मला वाटलं, आता आबा सोडत नाहीत. त्यांनी इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस आला होता. मी खरं तर मनातल्या मनात त्यांची वाक्यंसुद्धा तयार केली होती. आबा समोरच्या चाळीत गेले, दारात उभे राहिले, कोपऱ्यात पदर तोंडात धरून बसलेल्या त्या रोहिणीवाल्या पोरीकडे बघितलं आणि बहिणीच्या पाठीवर हात ठेवून खाली बसले. एक शब्द बोलले नाहीत. सुतक संपेपर्यंत पानाही वाजला नाही.

नंतर रक्त द्यायला आले तेव्हा मीच विषय काढला. म्हणाले, "बोललो असतो तर बहिणीला नसतं लागलं गो. त्या पोरीला लागलं असतं."

ही अक्कल आत्याला आयुष्यात कधी सुचली नाही.

आबा गेले ते ऐंशी ओलांडल्यावर. सकाळी पाना वाजवला, खिडकी आपटली, फिरून आले, वहिनीने दिलेली पेज प्यायले आणि खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली. यापेक्षा चांगलं मरण मी पाहिलेलं नाही, आणि कामामुळे मी बरीच आजारी माणसं पाहते.

त्यांच्या घरी चूल बंद, म्हणून चहा आमच्याकडून गेला. मीच ट्रे घेऊन फिरत होते. आत्याने कप घेतला, एक घोट घेतला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "शेवटी मूळ लागलाच."

मी म्हटलं, "आत्या, ते ऐंशीच्या पुढे होते."

"तर काय. तब्येत बघितलीस ना कशी होती? नायतर नव्वदीपर्यंत मरण नव्हतं."

ज्या तब्येतीसाठी त्या माणसाने विडी सोडली, सुरमई सोडली, दंडाची चाळण करून घेतली, तीच तब्येत पुरावा म्हणून त्याच्या सुनेवर उलटवली गेली. वहिनी दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिने ऐकलं. तिने मान खाली घातली. मी आत्याच्या हातातून आमचा कप काढून घेतला. अर्धा चहा माझ्या साडीवर सांडला. मी काय काय बोलले ते आईने नंतर मला सांगितलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईने मला दंडाला धरून बाहेर काढलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, आजही नाही.

कठड्याचा रंग पान्याने जिथे उडाला होता तिथे मग नुसतं लाकूड दिसायचं. समोरची खिडकी दिवसभर उघडी असायची.

यंदा वहिनीच्या मुलाने लग्न ठरवलं. मुलगी दादरची, त्याच्याच ऑफिसातली, हसरी. पत्रिका बघायचीच नाही असं दोघांनी ठरवलं होतं, पण आत्याने जन्मवेळ कुठून तरी काढली आणि मोबाइलवर पत्रिका काढून घेतली. पूर्वी यासाठी दादरला तरी जावं लागायचं. मुलगी आश्लेषावरची. सासूच्या जिवावर.

गुडघे धरत आत्या आमच्या चाळीचा जिना चढली. दारं उघडीच असतात, मी माझ्या दारातून सगळं ऐकत होते. "तुझ्या बऱ्यासाठी सांगतंय," ती वहिनीला म्हणाली. "तू भोगलंस, तुका कळता." मला वाटलं, आता वहिनी हिला जिन्यावरून खाली पोचवणार. वहिनीने तिला पाणी दिलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि जिन्यापर्यंत सोडायला गेली. मला वहिनीचा इतका राग आला की मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती लॅबमध्ये आली. बाही वर करून माझ्यासमोर बसली.

"सगळं तपास. बीपी पण बघ. मिश्री लावायची सोडली, आज सकाळी मोरीत ओतली."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. आलं तेव्हा मी सुई खाली ठेवली. "वहिनी, तू पण? तू हे मानतेस?"

"नाय मानत."

"मग हे कशाला? एक जन्म आबांनी घालवला न मरण्यात. आता तू घालवणार? त्या बाईच्या तोंडासाठी?"

वहिनीने बाही आणखी वर सरकवली.

"मी गेले तर लोक त्या पोरीला बोलतील," ती म्हणाली. "आबांना एवढी वर्षं जगता आलं. मला पण येईल. काढ रक्त."

मी रक्त काढलं. माझा राग गेला नाही, तो कुणावर काढायचा तेवढं फक्त कळेना. आबांनी आणि तिने दुसरं काही करायला हवं होतं, गावी जायला, हुंदडायला, तळलेली सुरमई खायला. त्याऐवजी या घराला पिढ्यान्‌पिढ्या जिवंत राहून दाखवायची शिक्षा.

परवा मी डबा भरत होते आणि गॅलरीत लोखंड लाकडावर आपटल्याचा आवाज आला. मी बाहेर धावले. वहिनी गाऊनवर ओढणी घेऊन उभी होती, हातात आबांचा पाना. तिला चाळीत कधी कोणी मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही. तिने घसा खाकरला, पुन्हा टोला हाणला आणि समोर बघून म्हणाली, "आत्या, आहे हां मी. अजून आहे."

इतक्या महिन्यांनी समोरची खिडकी धाडकन बंद झाली. वहिनीने पाना खिळ्याला अडकवला, चपला घातल्या आणि चालायला निघाली.