पहिली बोली आईची

जुने पत्ते चिकटू नयेत म्हणून आमच्या घरी त्यांना टाल्कम पावडर चोळायचे. अजूनही तो वास आला की भिलाईच्या क्वार्टरमधली रविवारची दुपार आठवते. प्लांटमधून रिटायर झालेले बाबा सतरंजीवर चिंचोके वाटून पोकर मांडायचे. पत्ते पिसून वाटायचे तेच, आणि त्यांच्या शेजारी, स्वयंपाकघराच्या दाराशी आई बसायची, त्यामुळे पहिली बोली कायम तिची. हातातले दोन पत्ते पाहून ती बहुतेकदा टाकून द्यायची आणि आत जायची. "पाहा, याले म्हणतात खेळ," बाबा ताईला आणि मला कौतुकाने सांगायचे. "पहिले बोलणाऱ्याले मागच्यांचं काही माहीत नसते. पत्ते भारी असतीन तरच डावात थांबायचं." एका रविवारी आई थांबली. तिने मूठभर चिंचोके पुढे सरकवले. ताईने आणि मी घाबरून पत्ते टाकले, बाबांनीसुद्धा राण्यांची जोडी सोडली. मग आईने आपले पत्ते उघडले, तर दुर्री आणि सत्ती! "असे पत्ते घेऊन काहून थांबली व?" बाबा ओरडले. "दर डावाले कुकरपायी उठा लागते," आई म्हणाली. "आज मले उठाचंच नव्हतं." तेवढ्यात आत शिटी झाली. बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले आणि गॅस बंद करून आले. पुढच्या रविवारपासून दाराशी ते बसू लागले आणि पत्ते वाटणं आईकडे गेलं. आता माझ्या घरी दाराजवळची ती जागा माझी आहे, आणि कुकरची शिटी झाली की माझे भारी पत्तेही लगेच टाकून देण्याइतके हलके होतात.