रुखमाची पात

धानाच्या रोवणीत बाया रोपं लावत मागे मागे सरकत जातात. जिचा हात मंद, तिची पात, म्हणजे वाट्याची पट्टी, अर्धी राहते आणि ती रोवलेल्या धानात कोंडली जाते. मग बाकीच्या हसतात. गोंडपिपरीकडच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, रुखमा अशी एकदाच कोंडली.

तेव्हा तिला सातवा महिना होता. नवरा सुनिल त्याच शेतात ट्रॅक्टरने चिखल करायचा. लग्नाआधी त्याने पुनमला शब्द दिला होता. तो मोडून रुखमाला आणली. आता पुन्हा त्याचे पाय पुनमकडे वळत होते. आणि पुनमची पात नेमकी रुखमाच्या शेजारी.

"तुहा हात तं मशीनवानी चालून राह्यला वो, पुनम!" धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभा राहून सुनिल ओरडला.

पुनमने वाकल्या वाकल्याच टोला हाणला, "कोंडली वो कोंडली! नवरा धुऱ्यावर न् बाई चिखलात!"

सगळ्या हसल्या. आज मागे पडले तर नवरा गेला, असं रुखमाच्या मनाने घेतलं. तिने कंबर सरळ करणं सोडलं, पाणी पिणंही सोडलं.

"पोरी, उभी राह्य थोडी. पोट हाये तुले," म्हातारी गुणाबाई म्हणाली.

"मले काई होत नाई, बाई."

दुपारी तिने पुनमला गाठलं, मागेही टाकलं. काम मात्र वाईट झालं. मुळं चिखलात धड गेलीच नव्हती, रोपं पाण्यावर तरंगत होती. पुढच्या बांधीत ती एकदम पोट धरून खाली बसली. सुनिल ट्रॅक्टर घेऊन निघून गेला होता. पुनमने तिला पाठीवर घेतलं आणि धुऱ्याधुऱ्याने सडकेपर्यंत पळत नेलं.

मुलगी झाली. रडली नाही.

वर्षाच्या आत सुनिल एटापल्लीकडे ट्रकवर गेला आणि तिकडेच तिसरीचा झाला. जिच्यासाठी दोघी झगडल्या, ती माया कोणाच्याच वाट्याला आली नाही.

रुखमा पुनमशी बोलेना. मग एकदा गुणाबाईने सांगितलं, "तुये तरंगलेले पऱ्हे दुसऱ्या दिवशी पुनमनं एकटीनं पुन्हा रोवले. मजुरी घेतली नाई. रडत होती."

रुखमा उठली आणि पुनमच्या दारात गेली. "चाल. उजवीकडची पात तुही."

आता रुखमाचे केस पिकले. बायांची टोळी तीच नेते. तिचं रोवणं बघावं: ओळ सरळ, मूळ खोल, कंबरेला वेळेवर विसावा.

यंदा गावातली एक नवी सून, दीपिका, कोंडली. तीही पोटुशी. पोरी खिदळू लागल्या.

"दात काऊन काढून राह्यल्या? हात लांब करा!" रुखमा म्हणाली. डावीकडून तिने दीपिकाच्या पातीत रोपं खोवायला घेतली, उजवीकडून पुनमने. दोघींचे हात मधोमध भेटले तेव्हा दीपिका मोकळी झाली होती.

"आता उभी राह्य," रुखमा म्हणाली, "न् पानी पे."