पंच्याण्णवचे झाकण

ज्याने अग्नीला धग दिली आणि त्याच अग्नीला मर्यादेत राहायलाही शिकवले, त्या परळीच्या वैजनाथाला आणि नारायणगडाच्या नगदनारायणाला आधी दंडवत. मग गोष्ट.

गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या पेट्रोल पंपावर मी मॅनेजर म्हणून एकतीस वर्षे काढली. टाकी भरायला माणसाला दोन मिनिटे लागतात. पण त्या दोन मिनिटांत त्याला काही काम नसते, म्हणून तो बोलतो. असे दोन-दोन मिनिटांचे बोलणे साठत गेले. त्यातले एका पिवळ्या स्पोर्ट्स कारभोवतीचे तेवढे आज सांगतो.

* * *

आरंभ माझ्याच चुकीपासून केला पाहिजे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी एक लग्नाची जीप आली. मी तेव्हा स्वतः नोझल धरत असे आणि धरताना अभंग म्हणत असे. त्या दिवशी डोळे मिटून म्हणत होतो. डिझेलच्या जीपमध्ये पेट्रोल गेले. जीप दहा पावलांवर थांबली, आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत पंपाच्या पायरीवर बसला.

नवरदेवाचा बाप माझ्याजवळ आला. शिवी देईल असे वाटले होते. तो शांतपणे म्हणाला, "महाराज, गाडी बंद पडली. आता भजन चालू ठेवा, वऱ्हाड ऐकत बसंल."

त्या दिवसापासून नेम केला, की मुखात नाम असावे. डोळे मात्र टाकीच्या झाकणावर असावेत. झाकण वाचल्याशिवाय नोझल लावायचे नाही. हा नेम एकादशीइतकाच कसोशीने पाळला.

* * *

पंपावर दोन प्रकारचे पेट्रोल मिळू लागले, तेव्हा साध्याचा ऑक्टेन एक्क्याण्णव होता आणि प्रीमियमचा पंच्याण्णव. आमच्या गावचे पुढारी बाळासाहेब आपली जुनी स्कूटी घेऊन आले आणि म्हणाले, "पंच्याण्णववालं भरा."

मी झाकण उघडून वाचले. "बाळासाहेब, हिला एक्क्याण्णव पुरते."

"तात्या, पोराला बीडात दोन वर्षं क्लास लावला, त्याला काय पंच्याण्णव पडलं न्हाईत. गाडीला तरी पडू द्या की."

मी त्यांना समजावले, की ऑक्टेन म्हणजे गुण नव्हेत आणि जोरही नव्हे. ऑक्टेन म्हणजे इंधनाचा धीर. इंजिनात दाब वाढतो, तापमान वाढते. तरी ठिणगी पडेपर्यंत पेटायचे नाही, हा तो धीर. ज्या इंजिनात दाब जास्त, त्याला धीराचे इंधन हवे. नाहीतर ते वेळेआधी पेटते आणि आतून हातोड्यासारखे ठोके बसतात. स्कूटीच्या इंजिनात तेवढा दाबच नाही, मग तिथे जास्तीचा धीर काय कामाचा?

बाळासाहेब घड्याळाकडे पाहत होते. "तात्या, प्रवचन नंतर. भरताव का जाऊ?"

नोझल धरणारी कमल हळूच म्हणाली, "तात्या, यांचा ऑक्टेन लईच कमी हाय."

* * *

मिलिंदराव हे माझे जुने स्नेही. एसटीच्या कार्यशाळेत त्यांनी आयुष्यभर बसची इंजिने दुरुस्त केली. त्यांची मुलगी सुजाता पुण्याला इंजिनिअर आहे. तिने एका भंगारवाल्याकडून दोन माणसांची पिवळी स्पोर्ट्स कार उचलली आणि वडिलांच्या दारात आणून उभी केली. "पप्पा, ही चालली तर मी घाटातल्या चढाच्या शर्यतीत उतरवीन."

मिलिंदरावांनी तीन वर्षे तिच्यावर काम केले. पिस्टन मिळायलाच दीड वर्ष लागले. मिळाला तो शेवटचा संच. विकणाऱ्याने स्पष्ट सांगितले होते की हे फुटले तर पुन्हा मागू नका, कुठेच उरलेले नाहीत.

गाडीच्या झाकणाच्या आत जुने कागदी लेबल चिकटवलेले होते, कमीत कमी पंच्याण्णव. मिलिंदराव मला म्हणाले, "तात्या, तीन वर्षं या चार पिस्टनात हायेत. चुकीचं पेट्रोल गेलं आन् इंजिन ठोकलं, तर एका चढात संपलं सगळं."

मी म्हणालो, "माझ्या हातून जाणार नाही."

त्यांच्या अंगणात बाभळीचा डिंक गळे, म्हणून गाडी पंपाच्या शेडमध्ये ठेवली. रस्त्याने जाणारा एक म्हातारा वाकून बघत राहिला आणि सुजाताला म्हणाला, "बाई, ही गाडी बसलीय, ती उठल कधी?"

* * *

दसरा आला. आमच्या पंपावरचा प्रघात असा, की त्या दिवशी आवारात उभे असेल ते प्रत्येक वाहन पुजायचे. मग ते कोणाचेही असो. मिलिंदराव पांढरे कपडे घालून सकाळीच विहारात गेले होते. त्यांचाही तो मोठा दिवस.

मी पंप पुजला, टँकर पुजला, कमलची सायकल पुजली, आणि पिवळ्या गाडीपाशी आलो. मनात आले, हिच्या मुखाशीच गंध लावावे; ज्या मुखाने ही खाणार ते मुख. झाकण उघडले आणि अष्टगंधाचा ठसठशीत टिळा लावला. वरून पाण्याचे चार थेंब शिंपडले.

दुपारी मिलिंदराव आले. झाकणात पाहिले. ओला टिळा त्यांनी रुमालाने टिपायला घेतला, तर जुने लेबलच सालपटासारखे रुमालावर आले. आकडा गेला.

वर्षानुवर्षे झाकण वाचणारा मी, आणि ते पुसणाराही मीच.

मिलिंदरावांनी रुमाल माझ्यापुढे धरला. मग म्हणाले, "तात्या, एवढी मोठी गाडी, अन् तुमचा देव नेमका आकड्यावरच बसला."

* * *

शर्यत दसऱ्यानंतरच्या रविवारी होती. सकाळी आठला गाडी घाटात तपासणीला हजर नसली, तर नाव कटणार होते. शनिवारी सकाळी सुजाता पुण्याहून आली. गाडीची टाकी कोरडी होती, आणि आमच्या प्रीमियमच्या टाकीत थेंब नव्हता. टँकर वाटेत नादुरुस्त होऊन उभा होता.

निरोप द्यायला बाळासाहेब हार घेऊन आले, सोबत फोटोवाला. त्यांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "मग साधं भरा की. कावून भरत न्हाईत?"

"या इंजिनाला साधे चालत नाही."

"चार आकड्यांचा तर फरक हाय. कोण म्हणतं चालत न्हाई?"

"झाकणावर लिहिले होते."

बाळासाहेबांनी झाकण उघडले. आत अष्टगंधाचा पुसट डाग तेवढा होता. ते माझ्याकडे वळले. "इथं तर तुमचंच गंध हाय, तात्या. गंध काय म्हणतंय?"

सगळे हसले. सुजातासुद्धा. मी हसलो नाही. नोझल हुकावर टांगले आणि त्यावर हात ठेवून उभा राहिलो.

"आकडा माझ्या हाताने गेला, बाळासाहेब. आता इंजिनही माझ्याच हाताने घालवू म्हणता? हे नोझल आज या गाडीला लागणार नाही."

"मालकाला फोन लावू का?"

"लावा. मालक माझी नोकरी काढून घेतील. नेम कसा काढतील?"

बाळासाहेबांनी फोन खिशातून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि पुन्हा ठेवून दिला.

* * *

बीडच्या एका पंपावर प्रीमियम होते. सुजाताने फोन करून विचारून घेतले. पण सुटे पेट्रोल डब्यात द्यायचे नाही, हा नियम तिथे होता तसा आमच्याकडेही होता. आमच्या फलकावर तर तो माझ्याच अक्षरात होता. गाडीला दोर बांधून ओढावे, तर पुढचा भाग फायबरचा. दोर लावला की निखळणार.

मिलिंदरावांनी समोर बोट केले. रस्त्यापलीकडे बाळासाहेबांचा ट्रॅक्टर होता. कारखाना सुरू व्हायचा होता, म्हणून उसाची ट्रॉली रिकामी उभी होती.

शेजारच्या खताच्या गोदामाचा ओटा ट्रॉलीच्या उंचीचा. फळ्या टाकून आम्ही गाडी ओट्यावर ढकलली, ओट्यावरून ट्रॉलीत. चाकांना विटा लावल्या. फोटोवाला तयारच होता. त्यामुळे बाळासाहेबांनी ड्रायव्हरला खाली उतरवले आणि आणलेला हार आपल्याच गळ्यात घालून स्वतः ट्रॅक्टरवर चढले.

मिलिंदराव ट्रॉलीतल्या गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी सीटबेल्ट लावला.

बीडच्या बसस्थानकासमोर मिरवणूक पोचली, तेव्हा रिक्षावाले उभे राहून बघू लागले. एकाने ओरडून विचारले, "काका, किती स्पीडनं चाललीय?"

मिलिंदराव काच खाली करून म्हणाले, "ट्रॅक्टरला विचार बे. आमी प्रवासी हाय."

* * *

बीडला पंच्याण्णव भरून गाडी शनिवारी रात्रीच स्वतःच्या चाकांवर घाटात पोचली. रविवारी घाटाच्या तिसऱ्या वळणावर आम्ही तिघे कठड्याशी उभे होतो. मिलिंदराव, मी आणि हट्टाने आलेली कमल. तिथला चढ सर्वांत अवघड. इंजिन ठोकायचे असेल तर तिथेच ठोकणार.

खालून आवाज येऊ लागला. मिलिंदरावांनी डोळे मिटले. आयुष्यभर त्यांनी इंजिने कानांनी तपासली होती. मी मनातल्या मनात नाम घेत होतो, पण या वेळी डोळे उघडे होते.

पिवळी गाडी वळणात शिरली. क्षणभर आवाज दबला, जड झाला, आणि मग उघडून वर निघून गेला.

"ठोकलं?" कमलने विचारले.

मिलिंदरावांनी डोळे उघडायला वेळ घेतला. "न्हाई."

सुजाताचा नंबर अकरावा आला. बाळासाहेबांनी गावात फलक लावला. त्यावर गाडी कुठे दिसत नव्हती. ट्रॅक्टर मात्र पूर्ण होता.

* * *

पुढच्या दसऱ्याला गाडी पुन्हा शेडमध्ये होती. मिलिंदराव पहाटेच विहारात गेले होते. मी आरतीचे ताट घेऊन निघालो आणि गाडीपाशी आल्यावर थबकलो. ठरवले, हिला यंदा लांबूनच नमस्कार करायचा.

कमल म्हणाली, "तात्या, झाकण तर बघा. तुमचा नेम हाय ना?"

उघडले. आत एसटीच्या पाट्यांवर असतो तशा पांढऱ्या ऑइलपेंटने, तशाच वळणदार अक्षरात, ठळक '९५' लिहिले होते. त्याखाली बोटभर मापाची एक चौकोनी चौकट आखलेली होती. चौकट रिकामी होती. चौकटीखाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'तात्या, गंध इथं.'

* * *

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या चुलीत अग्नी असावा आणि तो चुलीतच राहावा. प्रत्येक घराला दाब सोसण्याइतका धीर मिळावा. ज्याच्या घरून कोणी प्रवासाला निघाले असेल, त्याच्या दारात ते सुखरूप परत यावे. सर्वांचे कल्याण असो.