पऱ्यांच्या पुस्तकाला पेटीची साथ

माझ्या साडभावासारखा माणूस साऱ्या झाडीपट्टीत दुसरा नाही. आहे असं ज्याला वाटत असेल त्यानं तो पोंभुर्ण्याच्या बाजारात आणून उभा करावा; मी येईन, पाहीन, आणि नाही म्हणून परत जाईन. मी शाळा तिसरीपर्यंतच शिकलो, पण ती तिसरी पक्की होती, आणि पुढचं आयुष्य तलावात जाळं टाकण्यात गेलं. त्यामुळे माणूस आणि मासोळी, दोन्ही मला वरूनच कळतात. हा एकच कळला नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, घरं एका बोळीत, चाळीस वर्षांचा शेजार; तरी हा काय करून राहिला आहे आणि काऊन, हे मला एकदाही धड समजलेलं नाही.

तो नाटक कंपनीत पेटी वाजवायचा. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगावी नाटकं होतात, आणि ज्या नाटकात गाणी नाहीत त्याला आमचे लोक नाटक म्हणत नाहीत, भाषण म्हणतात. सारं गाव त्याला पेटीमास्तर म्हणतं, मीही म्हणतो. या धंद्यानं त्याचं डोकं असं झालं होतं की जगात जे काही घडेल त्याला कोणतं गाणं लागेल हेच तो पाहायचा. रस्त्यानं माणूस चालला की हा त्याची पट्टी सांगणार. माझी साळी, म्हणजे त्याची बायको, ओरडायला लागली की हा समजूत घालायचं सोडून म्हणणार, "आज पांढरी पाचात आहे, काल चारात होती." एकदा ग्रामसभेत सचिव तलावाच्या लिलावाची नोटीस वाचत होते. पोटापाण्याची गोष्ट, आम्ही सारे कान देऊन बसलेलो. हा मधातच उठला आणि म्हणाला, "साहेब, दुसऱ्या कलमानंतर एक पद टाका. लोकं झोपून राह्यले." सचिव मास्तरकडे पाहतात, मी जमिनीकडे पाहतो. पण खरं सांगायचं तर दोघं-तिघं झोपलेले होतेच.

आता त्या पुस्तकाची गोष्ट. त्याची धाकटी पोरगी बारावीत शाळेतून पहिली आली, तेव्हा तिच्या बाईंनी तिला एक जाड पुस्तक बक्षीस दिलं. पुस्तक पऱ्यांचं. मी म्हटलं, सतरा वर्षांच्या पोरीला पऱ्यांचं पुस्तक? ती म्हणाली, "मोठेबाबा, हे लहान पोरांचं नाई. मोठ्या पोरींचं आहे." त्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी ओसरीत बसून ते मोठ्यानं वाचायची, तिचा बाप पेटीचा भाता दुरुस्त करत ऐकायचा, आणि मी जाळं विणत ऐकायचो. मला त्यातलं काही समजलं नाही. त्या पऱ्यांना ना पंख, ना हातात जादूची काडी. माणसाएवढ्या उंच, जंगलात राहणाऱ्या, आणि लोखंडाला भिणाऱ्या. मी म्हटलं, आपल्याकडे आल्या तर विळा घेऊन धानाच्या बांधीत निघालेल्या बाया पाहून जिवतीच्या पहाडापर्यंत पळत सुटतील. त्या कधी खोटं बोलत नाहीत म्हणे, तरी माणसाला फसवतात. तसा एक मासोळीचा ठेकेदार मी पाहिला होता, पण त्याच्यावर कोणी पुस्तक लिहिलं नाही. आणि पुस्तकातली पोरगी घर सोडून त्यांच्या राज्यात जाते ती जातेच. साडभाऊ मात्र डोळे मिटून मान डोलवायचा.

मग पोरगी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. पुस्तक तिनं सोबत नेलं. पंधरा दिवसांत तिची चिठ्ठी आली. इथं करमत नाही, मी "मले-तुले" म्हटलं की साऱ्या पोरी हसतात, वरण गोड असते, मला नाही शिकायचं, येत्या रविवारी येऊन घेऊन जा. साळीनं चिठ्ठी ऐकली आणि तिथंच पिशवी भरायला घेतली. "आणा तिले. चुलीत गेलं ते शिक्षण." त्यांच्या साऱ्या कुळात बारावीच्या पुढं गेलेली ती पहिली पोरगी. एकदा परत आली असती तर पुन्हा गेली नसती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. साडभाऊ उठून चालू लागला. पोंभुर्ण्याला जाऊन त्यानं तिला फोन लावला. मी बाजूलाच उभा होतो. रिसीव्हर कानाला लावून तो नुसता गुणगुणत राहिला, मग ठेवून दिला. मी म्हटलं, "अबे, बोलला काऊन नाई?" म्हणाला, "बोलाले गेलो का रडू येते, भाऊ. पेटीवर येत नाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी पेटी खांद्यावर घेऊन तो माझ्या घरी हजर. गावात चांगला टेपरेकॉर्डर माझ्याकडेच होता आणि मी तो कोणाला हात लावू देत नव्हतो. म्हणाला, "पोरीच्या पुस्तकात गाणीच नाईत. कशी करमंल तिले? आपण टाकून देऊ." म्हणजे काय तर त्या पुस्तकाच्या एकेका धड्याला एकेक गाणं, ती तिथं धडा वाचणार आणि मग कॅसेट ऐकणार. मी विचारलं, पुस्तकाला कोणी गाणी लावते का? पुस्तक काय नाटक आहे? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं जसं मीच येडा झालो.

तीन दुपारी हे चाललं. आधी तो खणखणीत आवाजात धड्याचा नंबर सांगायचा, मग गाणं. पहिला धडा, पोरगी घर सोडते: त्याला त्यानं धानाच्या रोवणीचं गाणं लावलं. मी म्हटलं, जंगलात रोवणी कुठी आहे? म्हणाला, "घर सोडताना पोरीले घरचंच आठवंन ना." दुसऱ्या धड्यात जंगल येतं, तिथं धानोऱ्याकडं नाटकाला जाता-जाता शिकलेला रेला, गोंडांच्या नाचाचं गाणं. गोंडी शब्द अर्धे विसरलेला, पण चाल ठणठणीत. सहाव्या धड्यात पऱ्यांचा राजा आला आणि आमचं भांडण झालं.

"राजाची एन्ट्री आहे, जोरदार पायजे," मी म्हटलं. "पण हा नायक का खलनायक, तेवढं सांग."

"दोन्ही आहे."

"दोन्ही कसा असंन? एका नाटकात एकच असते माणूस."

"तो तिले कैदेत ठेवते, भाऊ. अन् तिले तो आवडते बी."

"कैदेत ठेवते अन् आवडते? कोणाची पोरगी आहे बाप्पा ही?"

शेवटी त्यानं अर्धं गाणं रागाचं आणि अर्धं प्रेमाचं वाजवलं, आणि दोन्हींच्या मधात माझा कोंबडा आरवला. तेराव्या धड्यात पऱ्यांचा दरबार भरलेला, वाद्यं वाजत आहेत, आणि आतून माझ्या बायकोचा आवाज आला, "च्या ठेवू का जी दोघाले?" मी टेप बंद करायला धावलो. त्यानं माझा हात धरला. "राहू द्या."

शेवटच्या धड्यात पुस्तकातल्या पोरीला ठरवायचं असतं, तिथंच राहायचं की घरी परत यायचं. काय ठरवते ते मी विसरलो. तेव्हाही नीट कळलं नव्हतं. कॅसेट बरीच शिल्लक होती. मी म्हटलं, "चाल मास्तर, भैरवी लाव अन् संपव." त्यानं पेटीचा भाता दाबला, सोडला, आणि झाकण लावून टाकलं.

"काय झालं?"

"भैरवी नाई लावत."

"नाटकाले भैरवी लागत नाई का? जन्म गेला तुझा वाजवण्यात."

"म्हणूनच सांगून राह्यलो. भैरवी वाजली का लोकं काय करते? बसाचे बोरे झटकते, लेकरं खांद्यावर टाकते अन् घराकडं निघते. तिनं ती ऐकली का उठंन अन् कपड्याची पेटी भरंन. पेटीवाल्याच्या घरात लहानाची मोठी झाली ते."

मी म्हटलं, मग तुला ती यायला नको आहे का? त्यावर त्यानं जे तोंड केलं ते मी पुन्हा पाहिलं नाही. त्याला काय पाहिजे होतं ते त्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि तेवढं वाचायला तिसरी पुरेशी होती. रविवारी तो तिला आणायला गेला नाही. नागपूरला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती कॅसेट तेवढी पाठवली. साळी त्याच्याशी महिनाभर बोलली नाही.

महिन्यानं चिठ्ठी आली. घेऊन जा असं तिच्यात कुठंच नव्हतं. खोलीतल्या चारही पोरी मिळून कॅसेट ऐकतात, एकीनं रोवणीचं गाणं पाठ केलं, आणि तेराव्या धड्यात मोठीआई चहाचं विचारते तेव्हा साऱ्या एकदम हो म्हणून ओरडतात. खाली एक ओळ होती: बाबा, शेवटच्या धड्याचं गाणं राहून गेलं का? साळी हसत-रडत ती चिठ्ठी बोळीभर दाखवून आली. साडभावानं दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि तलावाच्या पाळीवर जाऊन एकटाच बसला. आनंदाच्या दिवशी पाळीवर जाऊन काऊन बसावं, हे मला समजलं नाही. मी थोडं अंतर ठेवून बसलो.

आता पोरगी सिस्टर आहे, स्वतःच्या पगारावर, स्वतःच्या संसारात. सणाला येते आणि दर वेळी विचारते, बाबा, ते गाणं? हा म्हणतो, "जमून राह्यलं." त्याचं कंपनीत जाणं सुटलं, बोटं वाकडी झाली, माझेही गुडघे गेले. दुपारी ओसरीत तो पेटी काढतो, मी समोर बसतो. परवा मी म्हटलं, "आता तर पोरगी शिकली, सवरली. आतातरी वाजवून टाक ते भैरवी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे.

"वाजवतो, भाऊ. पण वाजली का आपल्या दोघातून कोण उठून जाईन, याचा नेम नाई."

मी हट्टी माणूस आहे, एकदा धरलेलं सोडत नाही. ते मात्र मी सोडलं. म्हटलं, मग रोवणीचंच वाजव.